कूस बदलणे

"आधी वाचायचं, मग हात लावायचा. आणि मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. मशीनला नाही ऐकू गेलं तरी चालेल, मला ऐकू यायला हवं."

सात नंबरच्या मशीनसमोर उभं राहिलं की मावशीच्या कानात अजून तिला काम शिकवणाऱ्या उस्तादांचे हे शब्द घुमत. तिला कामाला लागून सव्वीस वर्षं झाली होती आणि उस्तादांना निवृत्त होऊनही बारा, तरी तिची सवय सुटली नव्हती. त्या सकाळीही तिने तेलाची कुपी हातात घेतली, मशीनवरच्या पितळी पट्टीकडे पाहिलं, "उंजेरे" असं स्पष्ट म्हटलं आणि मगच कुपीचं टोक भोकाला लावलं. उंजेरे म्हणजे तेल घालणे. मोज्यांच्या त्या कारखान्यातली बाराही मशिनं इटलीहून आलेली, त्यामुळे त्यांच्या अंगावरच्या सूचनाही तिकडच्याच भाषेत.

पाळीचा मुकादम मागे येऊन उभा राहिला होता.

"मावशी, उस्तादांना काल इस्पितळातून घरी आणलं."

"देवाची कृपा."

"अर्धीच म्हणा. उजवी बाजू गेलीय. बोलणंही गेलंय, नुसते आवाज काढतात. आणि पडून पडून पाठीला जखम झालीय, चांगली रुपयाएवढी. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत ती भरायला लागली पाहिजे. नाहीतर मुलगा त्यांना शुश्रूषागृहात ठेवणार."

"आणि उस्तादांना काय वाटतं?"

"त्यांना कोण विचारतंय? पण शुश्रूषागृहाचं नाव काढलं की डाव्या हाताने पलंगाची कड धरून ठेवतात म्हणे. सोडतच नाहीत."

तेलाचा एक थेंब जास्त पडला. मावशीने तो फडक्याने टिपून घेतला. पाळी संपायला अजून साडेपाच तास होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिने घड्याळाकडे चारदा पाहिलं.

नवरा गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि पदरात पाच वर्षांची मुलगी. या कारखान्यात तिला झाडूकाम मिळालं. मशिनांखाली सुताची लव कापसासारखी साचायची, ती दिवसातून सहा वेळा काढायची. काम मिळालं याचाच तिला इतका आनंद की झाडून झालं तरी तिचे हात थांबत नसत. मशिनांवरच्या पितळी पट्ट्या तिला फार आवडायच्या. त्या शोभेच्या असतात अशी तिची समजूत होती. ती रोज पावडर लावून त्या घासायची, अगदी देवाची भांडी घासावीत तशा. वर्षभरात सात नंबरची पट्टी आरशासारखी झाली. आणि तिच्यावरची अक्षरं पार पुसली गेली.

ती अक्षरं होती "नॉन अप्रीरे". उघडू नये. एका नव्या फिटरने चालू मशीनचं झाकण उघडलं, त्याच्या हातातलं फडकं आत ओढलं गेलं आणि एकशे अडुसष्ट सुयांपैकी शंभरावर सुया काडकन मोडल्या. बोटं वाचली हे त्याचं नशीब. सगळे जमले. "पट्टीवर काही लिहिलेलंच नाही," फिटर म्हणाला. तेव्हा झाडूवालीला बोलावणं आलं.

तिला वाटलं, संपलं. उद्यापासून घरी.

उस्ताद पट्टीवरून अंगठा फिरवत होते.

"बाई, हे तुम्ही घासलंत?"

"हो."

"रोज?"

"हो. रविवार सोडून."

"पंचवीस वर्षं मी मशीनवर काम करतोय," उस्ताद सगळ्यांकडे वळून म्हणाले, "पण पितळेवर कोरलेलं अक्षर फडक्यानं पुसून टाकणारं माणूस आज पाहिलं. अशा हाताला झाडू देऊन तुम्ही लोकांनी फुकट घालवलंत."

कुणीतरी हसलं. तिला रडूच फुटलं. तेव्हा उस्ताद हळूच म्हणाले, "नॉन प्यांजेरे." ती गोंधळून बघत राहिली. "रडू नकोस, असं म्हणालो. ही मशिनं बसवायला त्यांच्याकडचा फिटर आला होता, चार महिने होता, त्याच्याकडून शिकलो. पट्टीवर जसं 'उघडू नये' लिहितात ना, त्याच घडणीत तिकडची आई लेकराला 'रडू नकोस' म्हणते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या हातात बारीक ब्रश आणि काळा रंग दिला. बाराही मशिनांवरची अक्षरं तिने पुन्हा काढायची. एकेक शब्द ते मोठ्याने वाचून घेत, अर्थ सांगत, मग रंगवायला लावत. पुलीरे, पुसणे. क्यूदेरे, बंद करणे. लावारे, धुणे. या लावारेवर तर कारखान्यात महिनाभर हशा पिकला. जो तो येताजाता तिला "लाव रे, लाव रे" म्हणून चिडवायचा. उस्तादही हसायचे, पण त्यांनी तिला एक गोष्ट नीट समजावून सांगितली होती.

"हे बघ, यात हुकूम नाही. तू कर, तुम्ही करा, त्यानं करावं, असलं काही नाही. नुसतं काम लिहिलंय. तेल घालणे. आपल्याकडे दारावर लिहितात ना, 'दार हळू लावणे', तसं. कुणाचं नाव नाही. मग ते कुणाचं?"

"कुणाचंच नाही?"

"जो समोर असेल त्याचं."

त्या दिवसापासून ते तिला "बाई, तुम्ही" वरून "पोरी, तू" म्हणू लागले होते. वर्षभरात ती मशीनवर उभी राहिली. मुलगी शिकली, लग्न होऊन परगावी गेली, नांदतेय. रोज सकाळी देवापुढे हात जोडताना मावशी जी नावं घ्यायची, त्यांत उस्तादांचं एक असे. त्यांना हे ठाऊक नव्हतं. सांगण्यासारखंही नव्हतं ते.

पाळी संपल्यावर ती थेट उस्तादांच्या घरी गेली. दार सुनेने उघडलं. हातात ओली चादर, केस विस्कटलेले.

"या मावशी. बघा बाबांना. मी आलेच."

उस्ताद खिडकीजवळच्या पलंगावर होते. तोंड एका बाजूला ओघळलेलं. तिला पाहून त्यांनी डावा हात उचलला आणि घशातून काहीतरी काढलं, त्याचा शब्द झाला नाही. तिने तो हात दोन्ही हातांत धरला.

स्वयंपाकघराच्या दारावर एक तक्ता चिकटवलेला होता. वार, वेळा आणि प्रत्येक चौकटीत एक नाव. मुलगा, सून, गावातच राहणारी मुलगी. किती तरी नावांवर काट मारलेली, कुठे प्रश्नचिन्ह, एका चौकटीत "मी कालच केलं होतं" असं रागाने दाबून लिहिलेलं.

"हा ह्यांनी केला," सून म्हणाली. "दर दोन तासांनी बाबांची कूस बदलायची आहे. दुपारी दोनला ताईंची पाळी. त्या आल्या नाहीत तर ती पाळी त्यांचीच राहते, आणि बाबा त्याच कुशीवर राहतात. ह्यांच्याकडे रात्रीच्या पाळ्या आहेत. केल्या का विचारलं की म्हणतात, केल्या. जखम मात्र वाढतेच आहे."

मावशीने विचारलं, "एक पुठ्ठा मिळेल?"

कारखान्यात प्रत्येक मशीनला दोऱ्याने एक कार्ड टांगलेलं असे. वर तिकडचा शब्द, खाली आपला, पुढे वेळ लिहायला जागा. नावाला जागा नसे. मावशीने सवयीने तसंच केलं. जिराऽरे, कूस बदलणे, दर दोन तासांनी. लावारे, धुणे. अश्शुगारे, कोरडं करणे. बेरे, पाणी पिणे; हा शब्द मशीनवरचा नव्हता, चहाच्या सुट्टीत उस्ताद रोज मोठ्याने म्हणायचे तो. पुठ्ठा तिने पलंगाच्या पायथ्याशी उस्तादांना दिसेल असा टांगला आणि शेजारी पेन्सिल बांधली.

सुनेने तो वाचला.

"नावं कुठायत?"

"नाहीत. जो समोर असेल त्यानं करायचं आणि वेळ लिहायची."

सून हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "मावशी, राग मानू नका. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत या खोलीसमोर कोण असतं?"

मावशीने पेन्सिलीची गाठ पुन्हा एकदा आवळली.

"मग माझं नाव लिहून टाका की सरळ. तेवढा मान तरी मिळेल. हे बिननावाचं काम ना, शेवटी घरातल्या बाईच्याच अंगावर येतं."

खरंच होतं ते. बसमध्ये परत जाताना मावशीला ते पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. तिने स्वतः आयुष्यभर जे काम कुणाचंच नव्हतं ते केलं, आणि ते तिला गोड लागलं, कारण त्याआधी कुणीतरी तिला काहीतरी दिलं होतं. या पोरीला कुणी काय दिलं होतं? नुसता एक तक्ता.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ती पुन्हा दारात उभी. "तीन ते सात मी समोर असेन," ती म्हणाली. "रोज. पाळी सुटली की येत जाईन."

"अहो पण..."

"पण काय? मला समोर राहता येत नाही का?"

पहिल्या दिवशी सून घरातच राहिली, भांड्यांची आदळआपट करत. दुसऱ्या दिवशी ती बाहेरच्या खोलीत तीन तास मेल्यासारखी झोपली. तिसऱ्या दिवशी तिने पायात चपला सरकवल्या आणि रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आली. येताना हातात काही नव्हतं.

"नुसती चालून आले," ती म्हणाली, चोरी पकडली गेल्यासारखी.

"बरं केलंस. उद्या जरा लांब जा."

मावशी उस्तादांची कूस बदलायची, पाठ पुसायची, कोरडी करायची, जखमेच्या कडेला मलम लावायची. प्रत्येक वेळी आधी कार्ड मोठ्याने वाचायची. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की उस्तादांचे ओठ हलतायत. मुलाचं नाव त्यांना घेता येत नव्हतं, पाणी मागता येत नव्हतं. पण चाळीस वर्षं रोज मोठ्याने वाचलेले शब्द कुठेतरी शाबूत राहिले होते. तिने बोट ठेवलं.

"जि... राऽ... रे," उस्ताद म्हणाले. वाकड्या तोंडातून, पण स्वच्छ.

मावशीने मान फिरवली. डोळे पुसून झाल्यावरच तिने पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. "हां. आता पुढचा वाचा," ती म्हणाली, अगदी ते जसे म्हणायचे तशी.

सहाव्या दिवशी मुलगा कामावरून लवकर आला. दारातून आत डोकावून, बाबा डोळे मिटून आहेत असं बघून तो पाय न वाजवता पुढे निघाला होता, तेवढ्यात आतून आवाज आला.

"जिराऽरे!"

तो जागच्या जागी थबकला. "काय म्हणतायत?"

"वाचतायत," मावशी स्टुलावरून म्हणाली.

"मला म्हणतायत का?"

"कुणालाच म्हणत नाहीयेत. लिहिलंय ते वाचतायत. माझे हात ओले आहेत रे बाबा." मावशीचे हात कोरडे ठणठणीत होते. ते तिने मांडीखाली सरकवले आणि मनातल्या मनात देवाची क्षमा मागून टाकली.

मुलगा पलंगाजवळ आला. कुठे धरायचं ते त्याला कळेना.

"गुडघा वाकव त्यांचा. एक हात खांद्याला, एक कमरेला. ओढायचं नाही, वळवायचं. असं. सावकाश."

उस्ताद कुशीवर वळले आणि पाठ उघडी पडली. मुलाने जखम पाहिली. उजेडात पहिल्यांदाच पाहिली असावी, कारण तो वाकून बघतच राहिला. मग तो हळूच म्हणाला, "रात्री मी उठायचो, मावशी. दोनदा." थोडं थांबून, "एकदा. कधी कधी एकदाही नाही. सकाळी सांगायचो की केलं."

दारात सून उभी होती. काही तरी टोचून बोलायची ही वेळ होती आणि ते बोलायचा तिला पूर्ण हक्कही होता. ती म्हणाली, "फडकं तिथे खुंटीला आहे. पाठ कोरडी करून घ्या."

त्यानंतर घरात एक गंमतच सुरू झाली. खोलीत कुणीही आलं की उस्ताद कार्ड वाचायचे. मुलगी चहाचा कप घेऊन आली, "बेरे!" शेजारचे काका पेपर द्यायला आले, "अश्शुगारे!" बिचाऱ्या काकांना काहीच कळलं नाही, पण फडकं हातात दिल्यावर त्यांनीही इमानेइतबारे उस्तादांची मान पुसून दिली आणि कार्डावर वेळ लिहिली. मुलगी हसून हसून भिंतीला टेकली. "बाबा, आजारी तुम्ही आहात की आम्ही कामावर लागलोय?" उस्तादांच्या तोंडाची चांगली बाजू वर उचलली गेली. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच हसले होते. स्वयंपाकघराच्या दारावरचा तक्ता एक दिवस कुणीतरी काढून टाकला. कुणी, ते कुणी विचारलं नाही.

पंधराव्या दिवशी परिचारिका आली. तिने पट्टी काढली, वाकून पाहिलं, टॉर्च मारून पुन्हा पाहिलं. खोलीत सगळेच उभे होते. उस्तादांनी पलंगाची कड पकडली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"कडा गुलाबी झाल्यात," परिचारिका म्हणाली. "जखमेची खोली कमी झालीय. भरायला वेळ लागेल, दोन महिने, तीनही. पण भरतेय. कोण बघतं यांच्याकडे?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मुलगाच म्हणाला, "जो समोर असेल तो."

"असं कसं? एक कुणीतरी असेल ना."

"नाही," तो म्हणाला. "एक कुणी असून भागत नाही ते."

परिचारिकेने खांदे उडवले आणि कागदावर लिहिलं, शुश्रूषागृहात हलवण्याची आवश्यकता नाही. तिने ते मोठ्याने वाचलं तेव्हा उस्तादांची बोटं एकेक करून सुटली. मावशीने डोळे मिटून हात जोडले. मागायचं होतं ते मिळालं होतं, आता नुसते आभार मानायचे होते, आणि ते मानताना किती नावं घ्यायची याचा तिला हिशेबच लागेना.

त्या शनिवारी संध्याकाळी निघताना मावशी वेळ लिहायला कार्डाजवळ गेली आणि थांबली. तळाशी एक नवी ओळ होती. पेन्सिलीने लिहिलेली, लहान मुलाने गिरवल्यासारखी वेडीवाकडी, प्रत्येक अक्षर वेगळ्या उंचीचं. दोऱ्याची गाठही नवी होती; कुणीतरी कार्ड सोडून हातात दिलं असणार.

"सुनेला आईकडे जाऊ देणे."

तिने उस्तादांकडे पाहिलं. त्यांचा डावा हात पांघरुणावर होता आणि बोटांना पेन्सिलीचा काळा रंग लागला होता. ते खिडकीबाहेर बघत होते.

तिने सुनेला हाक मारली. सून आली, वाचलं, आणि तिथेच पलंगाच्या पायथ्याशी बसली.

"आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं," ती म्हणाली. "एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं झालं. मला जाता आलं नाही. फोनवर म्हणते, आता सगळं स्वच्छ दिसतं गं, फक्त तूच दिसत नाहीस." तिने नाक पुसलं. "बाबांना कसं कळलं? मी तर कुणाला बोलले नव्हते."

"इथे बसूनच फोन करायचीस ना? तोंड बंद आहे त्यांचं. कान उघडेच आहेत."

सुनेला रडता रडता हसू आलं.

"सकाळच्या पहिल्या गाडीनं जा," मावशी म्हणाली. "उद्या सातपासून तू येईपर्यंत मी समोर आहे."

"उद्या रविवार आहे, मावशी. तुमची आठवड्याची एकच सुट्टी."

"म्हणूनच तर दिवसभर मोकळी आहे."

"आणि नाही जमलं तर? तुमचे गुडघे, इतक्या सकाळी... मी गाडीत बसल्यावर बाबा एकटे..."

"हाही आहे ना घरी," मावशीने दारात आलेल्या मुलाकडे हनुवटीने खूण केली. "पण त्याच्या भरवशावर नको जाऊस. माझ्या भरवशावर जा. मी येते म्हणजे येते."

रविवारी ती रोजच्यापेक्षा तासभर आधी उठली. आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, बसायचं तेवढं शांत बसली. मग पिशवी भरली. मलमाची नवी नळी, धुऊन मऊ झालेली दोन जुनी फडकी, चष्मा, दुपारसाठी डबा. कुलूप लावताना शेजारीण दूध घेऊन येत होती.

"सुट्टीच्या दिवशी इतक्या सकाळी कुठे हो?"

"एकीला तिच्या आईकडे जायचंय," मावशी म्हणाली, आणि शेजारणीला त्यातून काय कळलं कोण जाणे, पण तिने मान हलवली.

थांब्यावर कुणीच नव्हतं. धुक्यात दुकानांची दारं बंद होती. रविवारी पहिली बस पाऊण तास उशिरा सुटते हे तिला खांबावरची पाटी वाचल्यावर आठवलं. ती क्षणभर उभी राहिली. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली, पदर डोक्यावरून नीट ओढला, आणि रस्त्याच्या कडेकडेने चालू लागली.